निवती-भोगव्याचे कृष्णधवल फोटो: रंग काढायचा तर कशासाठी?

करडा

कोकणातले कृष्णधवल फोटो म्हटले की ऐवज ठरलेला असतो. सुरकुतलेल्या हातांची आजी, वाळूत कलंडलेली होडी, कौलांच्या फटीतून आलेला कवडसा, आणि खाली 'हरवत चाललेलं कोकण' छापाची ओळ. काढणारा बहुधा पुण्या-मुंबईचा. मीही पुण्याचाच, तेव्हा दगड जपून मारा.

या हिवाळ्यात निवतीला राहून आलो. कर्ली खाडीच्या मुखाच्या अलीकडे भोगवे आणि त्याला लागून दक्षिणेला निवती, तालुका वेंगुर्ला. पलीकडच्या काठावर देवबाग आणि तारकर्लीची गर्दी, इकडे तुलनेने सामसूम. कुडाळ स्टेशनला उतरून एसटीने परुळ्याच्या बाजूला जायचं. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून गाव नकाशावर जवळ आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एसटी चुकली की चुकली.

प्रचि (प्रकाशचित्रं) १ ते ५ रापणीचे आहेत. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत सोडत मोठं अर्धवर्तुळ घेते आणि बरीच लांब दुसऱ्या जागी किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून माणसं दोर ओढायला लागतात. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात आणि जाळं पिशवीसारखं वर येतं. तारली, पेडवे, बांगडे, लेपी, जे असेल ते. कधी कधी नुसती जेलीफिश.

याचे रंगीत फोटो मीच काढलेले आहेत, आणि त्यात नजर पहिल्यांदा जाते ती कोणाच्या तरी फुटबॉल क्लबच्या लाल जर्सीवर. मग निळ्या क्रेटवर. ओढ कुठे दिसतच नाही. रंग काढला की दोर दिसायला लागतो. ताणलेला, पाणी गळणारा दोर, आणि टाचा वाळूत रोवून मागे झुकलेली रांग, सगळ्यांची पाठ एकाच कोनात. माझ्या लेखी हे रंग काढण्याचं कारण. जर्सी फोटोत आहेच, क्रेटही आहे, मागे मोबाइलचा टॉवर आहे. त्यांना चौकटीबाहेर ढकलायला मी जागा बदललेली नाही. कृष्णधवल म्हणजे गाव पन्नास वर्षं मागे नेण्याचं यंत्र असा जो समज आहे, तो मला डोक्यात जातो.

आता प्रकाशाबद्दल, कारण पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा जाणाऱ्याचं गणित इथेच चुकतं. सूर्य सह्याद्रीकडून उगवतो. किनाऱ्याला आधी टेकडीची आणि माडांची सावली, ऊन वाळूवर यायला वेळ लागतो, आणि येतं ते तुमच्या पाठीकडून. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर समोर सगळं सपाट उजळलेलं, सावल्या माणसांच्या मागे लपलेल्या. त्यासाठी गुडघाभर पाण्यात जाऊन गावाकडे वळायचं. मग तोच प्रकाश समोरून येतो, दोरावरचं पाणी चमकतं, माणसांच्या कडा उजळतात आणि मागे माडांची काळी भिंत मिळते. प्रचि ३ तसाच काढलाय. संध्याकाळी उलटं: सूर्य समुद्रात, किनाऱ्यावरून काढलं की छायाकृती आपोआप. म्हणूनच प्रत्येकाकडे संध्याकाळच्या छायाकृती असतात आणि सकाळचे फोटो कमी.

जांभा हा दुसरा विषय. चिऱ्याची भिंत, गडगा, किल्ल्याचा सडा (उघडं कातळपठार), सगळं तांबडं. फिल्मच्या जमान्यातला लाल फिल्टर लावला तर जांभा उजळतो, आभाळ काळं होतं आणि माड त्याहून काळे. नाट्य भरपूर. हिरवा लावला की उलट: झावळ्या उजळतात, चिरा गडद होतो, छिद्रं दिसायला लागतात. प्रचि ८ आणि ९ ही एकच भिंत आहे, दोन प्रकारे. आजकाल हे सगळं कॅमेऱ्यात नंतर करता येतं, रॉ फाइलमध्ये रंग शाबूत असतात, प्रत्येक रंग किती उजळ दिसावा ते ठरवता येतं. मला हिरवा प्रकार जास्त आवडला. लाल फिल्टरचं काळं आभाळ म्हणजे पार्श्वसंगीत फार मोठं लावलेली मालिका.

काही गोष्टींचे कृष्णधवल काढूच नयेत. अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं रंगाशिवाय म्हणजे कचरा दिसतो. वाळत घातलेले बांगडे मात्र रंगाशिवाय अधिक बोलतात.

तुमचं मत सांगा. शिवाय एक प्रश्न: एचपी५ या कृष्णधवल फिल्मचे दोन रोल जवळ आहेत, उन्हाळ्यात गावातच धुवायचे म्हटलं तर जमेल का?


अबोली

वाचतेय. प्रचि ३ आणि ९ फार आवडले. सविस्तर नंतर लिहिते.


फावला_वेळ

+१. प्रचि ६ मधलं क्षितिज वाकडं आहे की मीच?


करडा

@फावला_वेळ, तुम्ही सरळ आहात. होडीत उभा होतो.


खळ्यातलो

करडाभाऊ, फोटो बरे असत. पण आमच्या गावाक रंग नाय असां कोणी सांगल्यान तुमका?

(पुढचं पुस्तकी भाषेत लिहितो, पुण्याच्या मंडळींसाठी.)

मी त्याच पट्ट्यातला. नोकरीला मुंबईत, घर तिकडे. तुमचा टॉवरचा मुद्दा पटला, जर्सीचाही पटला. तो टॉवर यावा म्हणून लोकांनी अर्ज केले होते, त्याला फोटोतून हाकलणारे बरेच बघितलेत. पण होड्यांच्या रंगाचं काय? नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवतात. जून-जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली, आणि मग रंगकाम. कुठला पट्टा कुठल्या रंगाचा, नाव कुठल्या रंगात, यावर घरात वाद होतात. लांबून येणारी होडी कोणाची ते आम्ही आधी रंगावरून ओळखतो. तुमच्या प्रचि ६ मध्ये तीन होड्या आहेत आणि तिन्ही सारख्या करड्या. माझ्या चुलत्याला दाखवला, त्यांना स्वतःची होडी सापडायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट घरातली. आमच्याकडे भिंतीवर कृष्णधवल फोटो कोणाचे असतात? आजोबा, पणजोबा, हार घातलेले. मागे एक पाहुणा आला होता, त्याने आमच्या काकीचा फोटो काढून मोठा करून पाठवला. छान आला होता, खोटं कशाला बोला. काकीने बघितला आणि म्हणाली, "हो फोटो हार घालूक काढल्यान काय?" फोटो अजून ट्रंकेत आहे. भिंतीवर लावायला कोणी तयार नाही.

तेव्हा काढा हवे तसे. पण ज्याचा काढलात त्याला प्रत देणार असाल तर रंगीत द्या.


करडा

'हार घालूक' वर हसू आलं आणि मग हसू थांबलं.

रंगीत प्रत देण्याचं एकदम मान्य. रॉ फाइल असल्यामुळे दोन्ही काढता येतं, आणि ज्यांनी पत्ते दिलेत त्यांना रंगीतच जातील. होड्यांबद्दल मात्र थोडा भांडतो. प्रचि ६ मध्ये मला होडी कोणाची हे सांगायचं नव्हतं. उलांडी (होडीच्या बाजूला तोलासाठी बांधलेलं लाकूड) आणि होडीमधली जागा, दोन आडवी लाकडं, त्यांची पाण्यातली सावली, एवढंच दिसावं असं वाटत होतं. तुमच्या चुलत्यांना तो फोटो निरुपयोगी असणार, त्यात नवल नाही. रंगकामाचा विषय घेऊन कोणी फोटो काढणार असेल तर तो रंगीतच काढावा लागेल, यात वाद नाही. जुलैच्या शेवटी येऊ का?


खळ्यातलो

या की. पाऊस बघून या, आणि ब्रश हातात मिळेल ही तयारी ठेवा.


हायपो

धागा बघून हात शिवशिवले. वय झालंय, लांबड लागेल.

पहिली गोष्ट, कृष्णधवल ही आमच्यासाठी आवड वगैरे नव्हती. परवडायचं तेच. क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० चा रोल, बारा फोटो. बारा! लग्नाला एक रोल नेला की वरमाला, सप्तपदी आणि मुलीची पाठवणी एवढं धरून बाकीचे पाहुण्यांना वाटून द्यायचे. रोल कधी ओर्वोचा, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. ती सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, आता बंद पडली.

तालुक्याच्या गावी स्टुडिओ असायचा, त्यात रंगवलेला पडदा: कारंजं, जिना, कधी ताजमहाल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणारी माणसं कारंज्यापुढे उभी राहून फोटो काढायची. आणि गंमत सांगतो, ज्यांच्याकडे चार पैसे असत ते कृष्णधवल प्रतीवर हाताने रंग भरून घेत. शालूला लाल, ओठांना गुलाबी, दागिन्यांना पिवळा. तेव्हा खळ्यातलो म्हणतात ते खरंच आहे. लोकांना रंग हवाच होता, तंत्र उशिरा आलं. आता तंत्र आहे तर आपण रंग काढतोय.

दुसरी गोष्ट, तुमचे रोल. गावात धुता येतील, अडचण एकच, पाणी. एचपी५ ला डी-७६ डेव्हलपरमध्ये, पातळ न करता, २० अंशांना साडेसात मिनिटं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणीसुद्धा २० ला नसतं. २४ अंशांपर्यंत चालवून घेता येतं, वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास आणायचा. त्याहून गरम झालं तर वेळ पाच मिनिटांच्या खाली जातो आणि धुलाई एकसारखी होत नाही, आभाळात पट्टे येतात. म्हणून परात घ्या, त्यात पाणी आणि बर्फ, परातीत डेव्हलपर आणि हायपोच्या (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाच्या) बाटल्या उभ्या करा. बर्फाची तुमच्याकडे काय ददात? मासळीच्या जेटीवर बर्फ मिळतो. फक्त बर्फ बाटलीच्या बाहेर ठेवा, आत नको. शेवटचं धुण्याचं पाणीसुद्धा फार वेगळ्या तापमानाचं नको, थंडातून एकदम गरमात गेलं की फिल्मवरच्या थराला (इमल्शनला) सुरकुत्या पडतात.

आणि वाळवायला पंख्याखाली टांगू नका. किनाऱ्यावरची बारीक वाळू घरात कुठेही असते. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून हवा दमट करा, धूळ बसते, मग टांगा.


करडा

हायपोकाका, हे सोनं आहे. जेटीचा बर्फ डोक्यातच आला नव्हता. फिल्मवर उन्हात प्रकाशाचं मोजमाप कसं करायचात? मीटर होता?


हायपो

मीटर? रोलच्या खोक्यावर चित्रं छापलेली असत, सूर्य, अर्धा ढग, पूर्ण ढग. नियम सोपा. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ आणि शटर फिल्मच्या वेगाएवढा, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. पुळणीवर वाळू आणि पाणी दोन्ही उजेड परतवतात, तिथे एफ/२२. माडाच्या सावलीत तीन-चार स्टॉप उघडायचं. मीटर मात्र पांढरी वाळू बघून घाबरतो आणि सगळं काळवंडतो.


पिक्सेलपंथी

डिजिटलवाल्यांसाठी थोडी भर, काकांच्या शेवटच्या वाक्यावरून. मीटर वाळूला मध्यम करडी करू बघतो, त्यामुळे वाळू मळकट आणि माणसं काळी येतात. एक्स्पोजर थोडं वाढवायचं, पण फेसाकडे लक्ष ठेवून. लाटेचा फेस एकदा जळला की त्यात परत काही आणता येत नाही. मी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देतो, चढू देत नाही.

खरा मुद्दा कातडीचा. चेहऱ्याचा रंग नारिंगी-लाल पट्ट्यात येतो. बहुतेक तयार प्रीसेट हा पट्टा उजळ करतात, कारण ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोरी माणसं असतात. आपल्या खारवी-गाबित मच्छीमारांच्या चेहऱ्यांना ते लावलं की मंडळी पावडर लावल्यासारखी दिसतात, उन्हाने कमावलेला पोत जातो. नारिंगी पट्टा खाली घ्या, थोडा. मग गालाचं हाड, कपाळावर वाळलेलं मीठ दिसतं. फार खाली घेतला तर दुसरं टोक: माणूस कोळशातून कोरल्यासारखा, डोळे तेवढे पांढरे. स्पर्धांमधून बक्षिसं मिळतात असल्या फोटोंना. करडा, तुमचा प्रचि ११ त्या टोकाकडे झुकलाय, रागावू नका.

मासे कृष्णधवलमध्ये चांगले का दिसतात याचं कारणही सांगून टाकतो. खवल्यांखाली आणि कातडीत ग्वानिनचे बारीक चपटे स्फटिक असतात, ते आरशासारखा उजेड परतवतात. म्हणजे ताज्या तारलीत रंग थोडा आणि चमक फार. रंग काढून नुकसान होत नाही. शिळी झाली की ती चमक मंदावते, फोटोतही कळतं.


करडा

रागावलो नाही. प्रचि ११ परत करून बघतो. तो दुपारचा आहे, डोक्यावर ऊन होतं, डोळ्यांत सावली पडत होती.


अबोली

आता सविस्तर.

रघुबीर सिंग (१९४२-१९९९) आयुष्यभर भारताचे रंगीत फोटो काढत राहिले आणि त्यामागे त्यांची ठाम भूमिका होती: इथली नजरच रंगात बघते, कृष्णधवल हा पश्चिमेकडून आलेला दृष्टिकोन आहे. दुसरीकडे त्याच वर्षी जन्मलेले रघु राय, ज्यांचं गाजलेलं काम बरंचसं कृष्णधवल. दोघांपैकी कोण बरोबर असा निकाल लावायला मी बसलेली नाही, पण सिंधुदुर्गात गेलं की मला सिंग आठवतात. चुन्यात निळ घालून रंगवलेली भिंत, तिच्यापुढे तुळस, ओटीवर हिरवट पिवळा रंग. कोणी आखून केलेलं नाही तरी जमून आलेलं असतं. ते करडं करायला हात धजत नाही.

मला कृष्णधवल हवंसं वाटतं ते रात्री. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार. देवळासमोर मांडव, पेटी, पखवाज, झांज, आणि रंगपटात पुरुष मंडळी साड्या नेसत, रंग लावत बसलेली. तिथला उजेड बघितलाय का कोणी? एका बाजूने हिरवट एलईडी, दुसरीकडून पिवळा बल्ब, वर कुठेतरी जांभळी झिरमिळ, आणि देवळातली समई. रंगीत फोटोत अर्धा चेहरा काविळीचा, अर्धा शेवाळाचा. कृष्णधवल केलं की हे भांडण मिटतं आणि हात दिसतात, आरशात एक डोळा मिटून काजळ ओढणारा माणूस दिसतो. संकासुर तर आधीच काळा, त्याच्या मागे उजेड असला तरच काही मिळतं. आयएसओ ३२०० किंवा ६४०० बिनधास्त लावावा, दाणे दिसले तरी कृष्णधवलात खुपत नाहीत. फ्लॅश नको. सोंग घेतलेल्या माणसाच्या डोळ्यात फ्लॅश मारणं मला तरी पटत नाही.

आणि बायकांबद्दल. मासे निवडणाऱ्या, टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांचे फोटो काढताना पुरुष मंडळी खुशाल समोर उकिडवी बसतात. विचारून काढा. मी लिलावाच्या जागी आधी मासे घेते, भाव करते, दोन शब्द बोलते. कॅमेरा पिशवीतच. नंतर विचारलं तर निम्म्या बायका नाही म्हणतात आणि ते नाही पूर्ण असतं. ज्या हो म्हणतात त्या आधी पदर सारखा करतात, केस नीट करतात. शहरातले लोक त्याला 'नैसर्गिकपणा गेला' म्हणतात. मला तोच फोटो जास्त खरा वाटतो, कारण तो त्यांनी काढू दिलेला असतो.


खळ्यातलो

अबोलीताई, हे छापून वेशीवर लावूक व्हया.

रापणीच्या वेळी तरी किनाऱ्यावर आलात तर एक करा, पहिल्यांदा दोराला हात लावा. रापण ओढणाऱ्यांत कोणाचं वय झालेलं असतं, कोणी कॉलेजातून आलेलं असतं, माणूस कमीच पडतो. आता ओढायला माणसं जमवणं हेच मोठं काम झालंय. मासळीही पूर्वीसारखी किनाऱ्याला लागत नाही. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिवे लावून मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. कागदावर आहे सगळं. रात्री किनाऱ्यावरून क्षितिजाकडे बघा, दिवे दिसतात. त्याचा फोटो काढा कोणी, रंगीत नाहीतर कृष्णधवल. रापणीतल्या घामाचे फोटो भरपूर झाले, जाळं रिकामं आलं की कोणी शटर दाबत नाही.

वाटे घालतात तेव्हाही थांबा. वाळूवर मासे वेगवेगळे मांडले जातात, ओढायला आलेल्या प्रत्येकाचा वाटा, जाळ्याचा, होडीचा वेगळा. तोपर्यंत फोटोवाले नाश्त्याला गेलेले असतात.


करडा

ढिगांचे फोटो आहेत माझ्याकडे, पहिल्या निवडीत टाकले नव्हते. प्रचि १४ ते १६ म्हणून आता जोडलेत. रिकाम्या जाळ्याचा एक आहे, प्रचि १७. माणसं जाळं झटकतायत, आत पाला आणि जेलीफिश. रंगीतमध्ये तो फोटो सुंदर दिसत होता, जेलीफिशवर सकाळचं ऊन गुलाबी पडलेलं. म्हणूनच कृष्णधवल केला. तिथे सुंदर दिसणं चुकीचं वाटलं.


फावला_वेळ

प्रचि १७ साठी पूर्ण धागा वसूल.

अवांतर: ओहोटीची वेळ कशी काढता? मी गेलो की कायम भरती.


भरतीओहोटी

तिथीची पाऊणपट. आमचे आजोबा बोटांवर करायचे. आज एकादशी असेल तर ११ ला पाऊणने गुणायचं, सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती येते हे त्याच हिशोबाने. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. हिशोब ढोबळ आहे आणि मुंबईकडे जास्त जुळतो. दक्षिणेकडे भरती लवकर लागते, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या बाजूला थोडं आधीच पोचा.

फोटोसाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा, तेव्हा उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि तेवढंच लांब मागे जातं. त्या दिवसांत ओहोटी पहाटे, उजाडण्याच्या सुमाराला. ओली वाळू आरशासारखी, तिच्यावर लाटांनी ओढलेल्या रेघा, आणि बारक्या खेकड्यांनी बिळाभोवती काढलेली गोळ्यांची रांगोळी. तिरका प्रकाश असेल तोवर प्रत्येक गोळीला सावली असते. ऊन वर आलं की सगळं सपाट. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फारसं हलत नाही, तेव्हा देवळं बघा.

पोलरायझर लावून वाळूवरची चकाकी घालवू नका, ती हवीय आपल्याला. पोलरायझर माडाच्या ओल्या झावळ्यांना लावा.


पिक्सेलपंथी

तिरक्या प्रकाशावरून आठवलं. त्याच भागात असाल तर मालवण तालुक्यात कुडोपीचा सडा बघून या, कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, कुडोपी त्यातलंच. दुपारी गेलात तर कातळावर काही दिसणारच नाही. सूर्य आडवा असताना कोरलेल्या रेषेत सावली भरते आणि आकृती वर येते. रंगाची तिथे काही मदत होत नाही, सगळं सावलीवर. रेषांवर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, चपला काढून चाला.


अबोली

आणि कॅमेऱ्याचं? माझ्या एका लेन्सला बुरशीने खाल्लंय.


हायपो

खारं वारं आणि दमट हवा, दोन्ही शत्रू. संध्याकाळी घरी आलं की आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा, मग कोरड्याने. कोरड्याने आधी पुसलंत तर मिठाचे कण काचेवर घासले जातात. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, कातडी पिशवीत अजिबात नको, चामडं ओल धरतं. आणि लेन्स वापरत राहा. कपाटातल्या अंधारात बुरशी माजते.


खळ्यातलो

प्रतींचंही सांगा काका. आमच्याकडे भिंतीवरचा फोटो दोन पावसाळ्यांत काचेला चिकटतो.


हायपो

फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालून फट ठेवायला सांगा. मागे प्लायच्या ऐवजी साधा पुठ्ठा, आणि चौकट भिंतीला सपाट टेकू न देता खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळते. पावसाकडची भिंत टाळा. लॅमिनेशन केलेला फोटो तर कडेतून पाणी शिरलं की सोडवताच येत नाही.


करडा

प्रती माउंटसकट पाठवतो मग. खळ्यातलो, परुळ्याला कुरिअर येतं की कुडाळवरून उचलावं लागेल?


खळ्यातलो

पोस्टाने पाठवा, पोस्टमन घरापर्यंत येतो. आणि चुलत्याने सांगितलंय, प्रचि ६ ची रंगीत प्रत एक जादा टाका. मधली होडी त्यांची.